मासे बाहेर, मांजरं जाळ्यात

“मरण उद्याचं, जेवण आजचं,” म्हणत मावशी ताटलीवर चमच्याने टकटक करायची. आधी आंधळा घोळ यायचा, भिंतीला मिशा घासत. मागून तीन पायांची निवटी, चिखलातल्या निवटीसारखीच उड्या मारत. शेवटी मांदेली, मनात असेल तर. मावशीच्या सगळ्या मांजरांची नावं माशांची. सुकी मासळी विकणाऱ्या बाईला दुसरी कुठली सुचणार?

डहाणू रोडहून आगरला आला असाल तर तुम्हीही ते घर पाहिलं असेल. गावात बोंबील उघड्यावर दोऱ्यांना वाळत असतात. हिच्या पडवीला मात्र जमिनीपासून कौलापर्यंत जुनं जाळं ताणून बांधलेलं आणि आत मांजरं. येणारा-जाणारा हसायचा, “मावशी, मासे बाहेर आन् मांजरं जाळ्यात?”

“तूपण ये आत,” मावशी म्हणायची. “जागा हाय.”

मी परभणीकडचा. आठवी अर्धी टाकून घर सोडलं, फिरत फिरत इथे आलो, भाड्याची रिक्षा चालवतो. भीती माझ्या अंगातच आहे. लायसन खिशात असलं तरी पोलीस दिसला की पाय ब्रेकवर जातो. मावशीच्या भिंतीला लागून खोली मिळाली आणि थोड्याच दिवसांत कावीळ झाली. एकटा पडून होतो. दार ढकलून ती आत आली, पेजेचा टोप ठेवला.

“गिळ. परभणीहून कोण येणार हाय तुला उचलायला?”

“मावशी, तुम्ही कशाला त्रास...”

“माझ्याकडे आजाऱ्यांचीच लाईन हाय. तू एक वाढलास. निदान ओचकारत तरी नाय.”

उठून उभा राहीपर्यंत तिची पेज चुकली नाही. आईला फोनवर सांगितलं तर आई तिकडे रडली.

इकडे नको झालेलं मांजर पोत्यात घालून मासळी बाजारामागे सोडायची रीत आहे. सोडणाऱ्याला वाटतं, मासळी आहे, पोट भरेल, पाप लागणार नाही. तिथे मुळात असलेले बोके नव्याला फाडून काढतात, आणि चाव्यातून रोग देतात, हे पोतं सोडणाऱ्याला दिसत नाही. मावशीला दिसायचं, कारण तिचा मासळी विकायचा पाट तिथेच होता. ती टोपलीत घालून आणायची आणि मला हाक मारायची, “ए परभणी, रिक्षा काढ.”

तलासरीला जनावरांचे डॉक्टर होते. वाटेत एखादं भाड्याचं सीट घेतलं की हमखास कोणी विचारायचं, “टोपलीत काय, पापलेट?”

“होय. ताजा हाय. म्याव करतो.”

मांदेलीच्या रक्ताचा थेंब डॉक्टरांनी पट्टीवर टाकला, थोडा वेळ थांबले. “बेन, आ लोहीनो रोग छे. रक्ताचा रोग, ल्युकेमिया. मांजराचा मांजराला लागतो, माणसाला नाही. बरा होत नाही. बाहेर सोडायचं नाही, निरोगी मांजरात ठेवायचं नाही, बस.”

“कधीपर्यंत?”

“असेल तोपर्यंत.”

“मंग सोपं हाय,” मावशी म्हणाली आणि घरी येऊन माळ्यावरून जुनं जाळं काढलं. तपासणीत चांगली निघाली ती मांजरं लोकांनी नेली. रोगाची उरली, ती तिची.

मग एका हिवाळ्यात आळीत बोंबील चोरीला जाऊ लागले. त्यात कोणीतरी पिल्लू सोडलं की मावशीच्या मांजरांना कॅन्सर आहे, वाऱ्याने मासळीला लागेल, गिऱ्हाईक फिरकणार नाही. बैठक बसली. आळीतले मोठे काका, म्हणजे माझे खोलीमालक, बोलले, “मांजरं या आठवड्यात जायला पायजेत. हा परभणीवाला रिक्षातनं नेईल, हायवेपलीकडे सोडून येईल.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथे सोडलेली आंधळी, लंगडी मांजरं एक दिवस काढणार नाहीत, हे मला कळत होतं. खोली जाईल हेही कळत होतं.

मावशीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती उभी राहिली. “कॅन्सर बोंबलाला होत नाय, काका. चोरीचं बोला. उद्या सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या माझ्या जाळ्याला लागून बांधा. माझ्या मांजरानं एक बोंबील जरी ओढला, तर मी सोता पोती शिवते.”

“आन् नाय ओढला तर?” शेजारच्या काकीने विचारलं.

“तर माझ्या पडवीकडे पुन्यांदा बोट दाखवायचं नाय.”

मी तिला बाजूला गाठलं. “मावशी, मांजरं आहेत ती! बोंबील नाकासमोर...”

“मांजरांवर कोण इसवास ठेवतंय? माझा जाळ्यावर हाय.”

दुसऱ्या दिवशी बोंबील वीतभर अंतरावर लटकले, तोंडात तोंड अडकवलेल्या जोड्या. आत मांजरं ओळीने बसली, शाळेतल्यासारखी. घोळने नाक जाळ्यात खुपसलं. निवटीने पुढचा पाय बाहेर काढला, नखं पसरली. बायका ओरडल्या, “गेला, गेला!” पाय बोटभर कमी पडला. मावशी स्टुलावर बसून सुकट निवडत होती. मान वर केली नाही. घाम मलाच फुटला होता.

उन्हं चढल्यावर कावळा आला आणि एक जोडी घेऊन गेला. मग दुसरा आला. बायका कावळ्यांमागे धावल्या, तेवढ्यात काकांचाच कुत्रा आला, त्याने अख्खी दोरी ओढली आणि बोंबलांची माळ फरफटत किनाऱ्याकडे पळाला.

“काका,” मावशी म्हणाली, “याला कुठे सोडायचं? तलासरीला, का थेट गुजरातेत?”

काकांनी कुत्र्यामागे चप्पल फेकली. आळी पोट धरून हसली. माफी कोणी मागितली नाही. बैठकही पुन्हा बसली नाही.

मांदेली त्यानंतर बराच काळ जगली. शेवटी-शेवटी मावशी तिला माशाचं पाणी थेंब-थेंब पाजायची. मांडीवरच गेली. काकी दारातून म्हणाली, “गेलीच ना? काय मिळालं?”

“भरल्या पोटी गेली. तुझं-माझं बघू कसं होतंय.”

गेल्या पावसाळ्यात मावशीला ताप भरला. माझ्याच रिक्षातून दवाखान्यात नेली. परत आली नाही. तिच्या मुलीने दिवसकार्य झाल्यावर किल्ली माझ्या हातात दिली आणि सासरी गेली. काका आले. “आता तरी ने ती मांजरं.”

मी म्हणालो, “नेणार नाही. खोली खाली करा म्हणत असाल तर करतो. इथे पडवीत झोपेन.”

काका आल्या पावली परत गेले. खोली अजून माझ्याकडेच आहे. भीतीही आहे.

परवा वाऱ्याने जाळं एका कोपऱ्यात फाटलं. मी बाहेर बसून शिवत होतो. काकी तिच्या ओट्यावरून किती वेळ बघत होती कोण जाणे.

“ए घाटी, जाळं शिवतोस का गोणपाट?” ती आली, माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि मी घातलेलं सगळं उसवून टाकलं. “मांजरांसाठी नाय हां. माझे बोंबील वाळतायत.”

ती खाली बसून शिवत राहिली. घोळ आवाजाच्या रोखाने आला आणि जाळ्याआडून तिच्या पावलाला डोकं घासू लागला. काकीने पाय काढून घेतला नाही.