फ्रिजच्या दारातली अर्धी बाटली

आमच्या वाडीत विरजण आणि जनावरांचं औषध, दोन्ही घरोघर फिरायचं. वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. गुरांचे डॉक्टर बोलवायचे तर त्यांची गाडी वरपर्यंत चढेल का, इथून विचार सुरू. त्यामुळे कुणी एकदा इंजेक्शनची बाटली आणली की ती सगळ्या वाडीची. जनावर रवंथ करू लागलं की सुया बंद, आणि उरलेलं औषध फ्रिजच्या दारात. मग ते कुणाच्या म्हशीला, कुणाच्या शेळीला, एकदा तर आमच्या कुत्र्याच्या चिघळलेल्या पायालाही कामी आलं. चांगलं औषध फेकणं म्हणजे आईच्या लेखी माज. मागायला आलेल्याला ती कधी नाही म्हणाली नाही.

बाबा गेल्यापासून आई एकटी राहते असं लोक म्हणत. मला ते पटायचं नाही. गोठ्यात तांबडी गाय होती आणि अंगणापलीकडे धाकटी जाऊ, माझी काकी. आई दिवसभर या दोघींशीच बोलायची, आणि खरं सांगायचं तर तांबडी जास्त ऐकून घ्यायची. मी महाडला नोकरीला, रविवारी जाणार. त्या दोघी होत्या म्हणून मला आईचा घोर नव्हता.

भातकापणी उरकली तेव्हा तांबडीची कास सुजली. आईने फ्रिजमधली बाटली काढली, नेहमीसारखं टोचलं. सूज उतरली, सुया थांबल्या. मग सूज परत आली आणि दुधातून गाठी यायला लागल्या. शेवटी मी डॉक्टरांना घेऊन वर गेले. त्यांनी नवं औषध सुरू केलं आणि दूध तपासायला पाठवलं. तांबडी मात्र खंगतच गेली. तपासणीचं कळलं तेव्हा ते पुन्हा आले.

"आपल्याकडचं एकही औषध या जंतूंवर चालत नाही," ते म्हणाले. "अर्धवट सुया दिल्या की कच्चे जंतू मरतात, दांडगे उरतात. तेच तुमच्या गोठ्यागोठ्यांतून फिरतायत. यापुढे उरलेली बाटली कुणाला देऊ नका."

"मंग हिचं काय?" आईने विचारलं.

डॉक्टर बादलीत हात धूत राहिले. नको इतका वेळ धूत राहिले.

तांबडी गेली. मला भयंकर राग आला होता, पण रागवायचं कुणावर? जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि आई समोर रिकाम्या दाव्याला हात लावून बसलेली.

पुढच्या रविवारी काकी आली. तिच्या शेळीने दोन दिवस चारा सोडला होता, ताप होता, कास गरम लागत होती. डॉक्टरांनी दिलेली बाटली अर्धी उरली होती आणि काकीला ते ठाऊक होतं.

"आक्का, ती बाटली दे गो जरा."

"देनार नाय. डाक्टरला बोलव."

काकीला आधी ती चेष्टाच वाटली. मग तिचा चेहरा उतरला. मी घाईघाईने जंतूंचं सगळं समजावून सांगितलं. मी आत्ता गाडी काढते, डॉक्टरांना घेऊन येते, असंही म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझी गाय गेली, आता माझी शेळी बगवत नाय तुला."

हे ती आईला म्हणाली, माझ्याकडे न बघता. मी तरीही डॉक्टरांना आणायला खाली गेले. आम्ही वर पोचलो तोवर शेळी गेली होती.

तेव्हापासून अंगणापलीकडचं दार लावलेलं असतं. आईच्या घरात विरजण येत नाही आणि लावायला दूधही नाही. मी गेले की ती कोरा चहा करते. पडवीत बसून पितो आम्ही.

परवा चहा पिता पिता तिने त्या दाराकडे बघून विचारलं, "दिली असती तर जगली असती का गो?"

नसती जगली, असं मला ठामपणे म्हणायचं होतं. पण काकीच्या शेळीचं दूध कुणी तपासलंच नव्हतं.