दुसरबीड टेशन

पेंटरकाका जन्मात एकदाच रेल्वे स्टेशनावर गेले, आणि तिथे समोरून गेलेली गाडी त्यांना दिसली नाही. मलकापूरच्या फलाटावर ते पिवळ्या पाटीसमोर उभे होते. 'पू'चा उकार किती खाली ओढलाय, 'र'ची मान कुठे वळवलीय, हे बघता बघता गाडी आली, थांबली आणि निघूनही गेली. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि वर म्हणत, "गाडी काय, रोजच येते. अशी पाटी पाह्यले भेटत नाई." अशा माणसाला माझ्या वडिलांनी आगगाडी काढायला बोलावले, यावरून तेव्हाच्या चिखलीत रेल्वे जाणणारे किती होते ते समजावे.

मी सात वर्षांची होते. वडील शाळामास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मलकापूरला नेऊन गाडी दाखवायचे ठरले होते, पण त्याआधीच तापाने धरले, आणि उतरताना तो डावा पाय लुळा करून गेला. डॉक्टरांनी बजावले की पाय चालवला तर सुधारेल, निजवून ठेवला तर जन्माचा तसाच राहील. मी मात्र खाटेवरून उतरायला तयार नव्हते. पडण्याची भीती अशी बसली होती की आईने नुसता हात धरला तरी मी भोकाड पसरायची. शेवटी वडिलांनी सरकी साठवायची खोली रिकामी केली, माझी खाट तिथे हलवली आणि काकांना सांगितले, भिंतीवर एक गाडी काढा, पोरीचे मन रमेल.

काम एका दिवसाचे, काका येत राहिले कित्येक महिने. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतभर काळेभोर इंजिन काढले आणि त्याला काजळ घातलेले दोन टपोरे डोळे दिले. मी पुस्तकातले चित्र पुढे करून म्हटले, इंजिनाला डोळे नसतात. त्यांनी चित्र नीट निरखले आणि विचारले, "मंग तिले वाट कशी दिसन?" डोळे राहिले. मग जमिनीवर रूळ आखले गेले, साबणाच्या मोठ्या रिकाम्या खोक्यांचे माणूस बसेल असे डबे झाले, त्यांना खिडक्या कापल्या गेल्या, आणि एसटीत असते म्हणून गाडीलाही घंटेची दोरी आली. सकाळी जाग आली की आज काय नवे येणार म्हणून मला धीर धरवत नसे. काका दारातून आत यायच्या आधीच मी ओरडून विचारायची.

खरी धमाल स्टेशनांनी केली. खाटेशी त्यांनी 'चिखली' अशी पिवळी पाटी लावली. ती बघून दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, आमच्या लोणारला गाडी थांबू द्या. दूध घालणाऱ्या सखूबाईचे माहेर मेहकर, तिने ते मागून घेतले. वडिलांनी नकाशा काढून दाखवला की मेहकर आधी येते, लोणार नंतर. काका म्हणाले, "लोणारवाल्यानं आधी सांगतलं." मास्तर हरले आणि रूळ तसेच वाकडे गेले. आठ दिवसांत अर्धा जिल्हा आमच्या घरी येऊन आपल्या गावाला थांबा मागू लागला.

मला त्यांनी गार्डसायेब केले. आईच्या जुन्या लुगड्याची हिरवी झेंडी दिली आणि कायदा सांगितला, "गार्डानं डब्याडब्यापाशी जाऊन पाह्यल्याबिगर झेंडी दाखवता येत नाई." कायदा त्यांच्या घरचा होता, पण मी तो खरा मानला. चिखली ते लोणार चार पावले, पुढे मेहकर आणखी सहा. सखूबाई दुधाची चरवी मांडीवर घेऊन मेहकरच्या डब्यात बसून राहायची आणि उशीर होतोय म्हणून कुरकुरायची. एकदा मी भिंत धरून निघाले आणि लोणारच्या अलीकडेच आपटले. आई धावली. काकांनी तिला हाताने थांबवले आणि ब्रश चालवता चालवता म्हणाले, "गाडी लेट झाली, इतकंच." मी रडायचे विसरले आणि उठले.

दिवाळीपर्यंत गाडी खोलीबाहेर पडून ओसरीवर आली, मग अंगणात. सगळ्यांच्या गावाला पाटी मिळाली, पण काकांचे दुसरबीड कुठेच नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ते लय दूर हाय, गार्डसायेब. तुमी सोता चालत याल, तवा लावू."

पुढच्या वर्षी त्यांची नजर कमी झाली आणि मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. मी एसटी स्टँडपर्यंत चालत गेले, कोणाचा हात न धरता, आणि बसला हिरवी झेंडी दाखवली. कंडक्टरनेही झेंडी पाहूनच घंटी मारली. काका खिडकीतून हसत होते.

दुसरबीडला जायचे मग राहूनच गेले. शाळा, कॉलेज, नोकरी. दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ. अखेर एकदा उतरले आणि चहावाल्याला पेंटरचे घर विचारले. तो म्हणाला, "टेशनापाशी." ज्या गावाने रूळ पाहिला नाही तिथले स्टेशन! मी हसत हसतच त्याने दाखवलेल्या वाटेने गेले.

एका घराच्या दारावर पिवळी पाटी होती. काळ्या अक्षरांत 'दुसरबीड', आणि 'र'ची मान अगदी मलकापूरसारखी वळवलेली. दारात काकांची सून उभी होती. तिने माझ्या किंचित ओढल्या जाणाऱ्या डाव्या पायाकडे पाहिले.

"तुमीच गार्डसायेब काय?" तिने विचारले. "मामाजी गेले, दोन महिने झाले. ही पाटी काढून टाकू देत नव्हते. म्हणत, गार्डसायेब चालत येतीन, त्याइले टेशन सापडलं पायजे."

मी पाटीखालच्या ओट्यावर बसून खूप रडले. गाडी फार लेट झाली होती.