वारा वस्तीकडे असताना

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात त्याला सगळे 'वारेमास्तर' म्हणायचे. काम व्हॉल्व्हमनचं. टाकीतलं पाणी शेजारच्या चाऱ्याच्या शेतावर फवाऱ्यांनी सोडायचं. पण चाक फिरवण्याआधी हा गृहस्थ कुंपणाला बांधलेली चिंधी बघणार, ती वस्तीकडे फडफडत असली तर खुशाल बसून राहणार. कुंपणापलीकडे चाळीस पावलांवर घरांची रांग होती. त्यातलं तिसरं घर त्याच्या धाकट्या बहिणीचं.

"जो थेंब दिसतो तो जवळच पडतो, साहेब," तो इंजिनिअरला सांगायचा. "दिसत नाही तो लांब जातो."

इंजिनिअर माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी घायकुतीला आला होता. टाकी काठोकाठ भरलेली. वारा सकाळपासून वस्तीकडेच.

"सोड पाणी. टाकी वाहिली तर वरचे मला फाडून खातील."

"क्लोरीनचा पंप नऊ दिवस बंद आहे, साहेब."

"पार्ट यायचाय. तोवर काय पाणी डोक्यावर घेऊन बसू? तुला जमत नसेल तर तसं सांग. चाक फिरवायला माणसं खंडीभर मिळतात."

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. वारेमास्तरनं बहिणीला फोन लावला. "कपडे आत घे. खिडक्या लावून घे."

"दादा, तुझ्या वाऱ्याचं म्हणजे रोजचंच झालंय," ती हसली. पण कपडे तिनं काढले. दारापुढच्या ओट्यावर पिण्याच्या पाण्याचं पिंप उघडं होतं. ते तिच्या लक्षात आलं नाही, आणि सांगायचं यालाही सुचलं नाही.

त्यानं चाक फिरवलं. रजिस्टरमध्ये सवयीनं लिहिलं : वारा वस्तीकडे, जोरात. फवारे सुरू.

आठवड्याच्या आत त्या रांगेतली अकरा माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. दहा उठली. बहिणीची सासू उठली नाही. हा भाऊ दारात दिसला की सुनेआधी चहाचं आधण ठेवणारी बाई होती ती.

चौकशी झाली. इंजिनिअरसाहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "बघा, वारा माहीत असून यानं पाणी सोडलं."

"तुम्हीच सांगितलंत," वारेमास्तर म्हणाला.

"लेखी आहे?" चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं.

लेखी नव्हतं. पंपाचा विषय निघाला तेव्हा 'तो तांत्रिक भाग आहे' म्हणून बाजूला ठेवला गेला. इतकी वर्षं ज्या रजिस्टरवरून त्याची टिंगल व्हायची, त्याच्यावर पहिल्यांदा सगळ्यांचा विश्वास बसला. त्याला घरी बसवलं. पंपाचा पार्ट त्यानंतर तीन दिवसांत आला.

तेराव्या दिवसानंतर तो बहिणीकडे गेला. ती गहू निवडत बसली होती. मान वर केली नाही.

"तुला ठाऊक होतं ना, दादा?"

"होतं."

"मग?"

नोकरी, दोन वर्षं, साहेबांचा दम, सगळं तोंडाशी आलं आणि त्याचं त्यालाच ते इतकं भिकार वाटलं की त्यानं गिळून टाकलं.

ती उठली, सूप उचलून आत गेली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो ओट्यावर बराच वेळ उभा राहिला. मग चपला घातल्या आणि निघाला.