डावा कोणाचा?

संशोधन केंद्रात तिला सगळे उंदीरताई म्हणत. घरी सासूबाईंना सुनेच्या या नोकरीचं भारी हसू यायचं. "घरात उंदीर दिसला की झाडू घेऊन धावते, आणि तिकडे त्यांचे लाड पुरवते!"

लाडच होते ते. हृदयाच्या पेशीला बारीक दारं असतात; त्यांतून कॅल्शियम आत शिरलं की ठोका पडतो. केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी जनुक बदलून असे उंदीर तयार केले होते, ज्यांचं हे दार वेळेवर मिटतच नाही. ते फार जगत नसत. आता वंश पुढे नेणारा एकच नर उरला होता. त्याचा भाऊ दिसायला हुबेहूब तसाच, पण निरोगी, म्हणून नकोसा. दोघांना ओळखायचं ते कानावरून. ताईने एकाच्या डाव्या कानाला भोक पाडलं होतं, दुसऱ्याच्या उजव्या. भोकातून निघालेले कपटे तपासून निरोप आला, डावा ठेवा.

उजव्याला तिने गॅसच्या डब्यात सोडलं, झाकण लावलं. हात गॅसच्या चावीवर गेला आणि अंगठ्यावरची पट्टी दिसली. तिने हात मागे घेतला.

भोक पाडताना उंदराची पाठ आपल्याकडे ठेवायची, ही तिची रीत. पण त्या दिवशी अंगठा नुकताच कापलेला, मानेवर पकड बसेना, म्हणून दोघांना उताणं धरलं होतं. तोंड समोर आलं की आपल्या डावीकडचा कान त्याचा उजवा! कपट्यांच्या कुप्यांवर मात्र तिने आपलं डावं-उजवं लिहिलं. लिहिलं होतं ना? नक्की?

गप्प बसली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पिल्लांत गुण उतरला नाही म्हणून सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता. तिची नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती. तरी ती डॉक्टरबाईंकडे गेलीच.

"अगं, डावं-उजवं कळत नाही तुला?"

"कळतं हो मॅडम. त्याचं की माझं, एवढंच चुकलं."

पुन्हा तपासणी लावली. दुपारी निकाल आला. डब्यातलाच हवा होता! डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तशी ती रडलीच. नोकरीचं पुढचं पुढे.

"आता दुसऱ्याचं तेवढं उरकून घे," त्या म्हणाल्या.

दुसरा पिंजऱ्यात निवांत दाणे कुरतडत होता. ताईने त्याला उचललं, पाठ आपल्याकडे करून. कान पाहिला, पुन्हा पाहिला. सकाळी तिनेच त्याला म्हटलं होतं, "सुटलास रे बाबा."