मकरवृत्तावरची भरदुपार

"हवाईला जा," असं ऑफिसमध्ये सगळ्यांनी सांगितलं. "डिस्नीला ने गं त्यांना," शेजारच्या काकू म्हणाल्या. २००६चा डिसेंबर होता. व्हिजिटर व्हिसावर आलेले बाबा आमच्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये खिडकीतून पार्किंग लॉट बघून बघून कंटाळले होते आणि माझ्या सुट्टीत त्यांना कुठे न्यायचं ते ठरत नव्हतं. शेवटी मी त्यांनाच विचारलं. उत्तर तयारच होतं. मादागास्कर. आणि बावीस डिसेंबरला दुपारी बाराच्या आत मकरवृत्तावर.

बाबा मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. बावीस डिसेंबरला भरदुपारी मकरवृत्तावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, हे त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं. पण सगळं पुस्तकातून. स्वतः कधी पाहिलं नव्हतं. "पुढच्या वर्षी गुडघे कसे असतील सांगता येत नाही," ते म्हणाले. "न्यायचं तर यंदाच ने." मग काय, एक्सेल शीट उघडली!

नेवार्कहून पॅरिस आणि तिथून राजधानी अंतानानारिव्हो, जिला सगळे लाडाने ताना म्हणतात. क्रिसमसमुळे एका तिकिटाच्या पैशांत दोनदा पुणे झालं असतं. दक्षिणेला जाणारी मिनीबस स्वस्त असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. कधी भरेल ते कुणालाच माहीत नसतं. आमच्या डोक्यावर बारा वाजताची डेडलाइन होती, म्हणून दिवसाला पन्नास डॉलर अधिक डिझेल या दराने गाडी आणि ड्रायव्हर घेतला. ड्रायव्हरचं नाव हाजा. तो मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा आणि बाबा त्याहून मोडकं, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

पहिले दोन दिवस डोंगराळ भागातून गेलो. लाल माती, लाल विटांची उंच अरुंद घरं आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भातशेती. आफ्रिकेच्या इतक्या जवळ असून इथल्या लोकांचे चेहरे इंडोनेशियाकडचे. "पूर्वज होड्यांतून आले, समुद्र पार करून," बाबा म्हणायचे आणि हाजा मान डोलवायचा. भात तिन्ही त्रिकाळ. जेवणानंतर पातेल्याच्या तळाला लागलेल्या करपट भातात पाणी उकळून तेच प्यायला देतात. बाबांनी एक घोट घेतला. "अगं, ही तर आपली खरवड!" मी बाटलीबंद पाणीच प्यायले. त्यांनी तीन ग्लास रिचवले आणि त्यांना काहीही झालं नाही.

बावीस तारखेला रानोहिरा गावातून पहाटे पाचला निघालो. मकरवृत्त तुलेआर शहराच्या जरासं दक्षिणेला आहे, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत सहज पोचणार होतो. माझ्या शीटमध्ये चहाची वेळसुद्धा होती. साडेआठच्या सुमाराला रस्त्याकडेला एक मोठं चौकोनी थडगं दिसलं. भिंतींवर रंगीत चित्रं, वर वशिंडवाल्या बैलांच्या शिंगांची रास. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तर्जनी ताठ करून फळ्यावरचा नकाशा दाखवतात तशी थडग्यावर रोखली. "बघ, बघ!"

हाजाने करकचून ब्रेक मारला.

"बोट नाही! बोट नाही!" त्याचा चेहरा उतरला होता. थडग्याकडे ताठ बोट दाखवणं इथे निषिद्ध, म्हणजे पूर्वजांचा अपमान. झाडाखाली बसलेल्या गुराख्यांनीही ते पाहिलं होतं. ज्यांचं थडगं त्या घरातल्या वडीलधाऱ्यांची माफी मागितल्याशिवाय आपण पुढे गाडी नेणार नाही, असं हाजाने सरळ सांगितलं. आणि त्या घरातले आजोबा शेतावर गेले होते.

माझा संताप संताप झाला. "बाबा, वेळ नाहीये आपल्याकडे! त्याला जास्त पैसे देऊ आणि निघू."

"गप्प बस," बाबा म्हणाले. "आयुष्यभर पोरांना चुकीबद्दल कान धरायला लावले. आता माझी चूक झाली, तर पळून जाऊ?"

आजोबा यायला तास लागला. तोवर हाजाने टपरीवरून रमची छोटी बाटली आणली, कारण पूर्वजांना तीच चालते. खोकल्याच्या औषधातही दारू नाही ना, असा वास घेऊन मगच ते पिणाऱ्या माझ्या बाबांनी दोन्ही हातांत बाटली धरून थडग्याच्या कोपऱ्याशी रम ओतली आणि वाकून नमस्कार केला. मग आजोबांना म्हणाले, "आमच्याकडे कोवळ्या भोपळ्याला ताठ बोट दाखवत नाहीत. गळून पडतो म्हणतात. असं दाखवतात." आणि त्यांनी बोट दुमडून दाखवलं. हाजाने भाषांतर केलं. आजोबांनी खदखदून हसत आपलंही बोट तस्संच दुमडलं. त्यांची योग्य रीत हीच होती! निरोप घ्यायला आणखी अर्धा तास गेला, कारण मग त्यांना भोपळ्याबद्दल सगळंच ऐकायचं होतं.

सव्वादहाला निघालो. आकाशात ढग जमत होते. मी जीपीएसकडे बघत होते आणि हाजा रस्त्याकडे. बाबा मात्र शांत होते. "नाही दिसलं तर नाही दिसलं," एवढंच म्हणाले, पण ओळंब्यासाठी आणलेल्या दोऱ्याला गाठी मारत होते.

तुलेआरच्या अलीकडे डावीकडे कच्चा रस्ता फुटतो. काटेरी झुडपं, पांढरी धूळ. जीपीएसवर तेवीस अंश सव्वीस मिनिटं आली तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. एडिसनच्या डॉलर स्टोअरमधून आणलेला पडद्याचा रॉड बाबांनी जमिनीत रोवला आणि दोऱ्याला नट बांधून केलेल्या ओळंब्याने तो सरळ केला. वर ढग होताच. आम्ही तिघं माना वर करून उभे.

ढग सरकला. रॉडची सावली दिसली, बोटभर. मग नखाएवढी. मग नाहीच.

"गेली!" बाबा ओरडले. माझे बाबा कधी ओरडत नाहीत. ते स्वतःभोवती गोल फिरून आपली सावली शोधत होते. ती चपलांखाली गोळा झाली होती. हाजाही पायांकडे बघून नाचायला लागला. त्याने जाणारी बैलगाडी थांबवून गाडीवानालाही उतरवलं. चार मोठी माणसं भर उन्हात आपापल्या पायांकडे बघत हसत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जाणार असाल तर क्रिसमसच्या आधीच गाडी ठरवा, टोपी न्या आणि शीटमध्ये मोकळे तास ठेवा. मी आता प्रत्येक ट्रिपच्या शीटमध्ये ठेवते. फोटो फारसे चांगले आलेच नाहीत, भरदुपारच्या उन्हात चेहरे काळे पडले.

जानेवारीत एडिसनला आमच्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ वाटून झाला. माइकवर एक काका म्हणाले, "मंडळी, आजपासून सूर्य उत्तरेकडे वळतो."

मागच्या खुर्चीवरून बाबा गुडघ्यांवर हात टेकत उठले.

"आज नाही हो," ते म्हणाले. "बावीस डिसेंबरला वळला. मी तिथे उभा होतो."