पौंडाचं अर्धं, त्यातून दहावा भाग वजा

चिकपेठेतल्या आमच्या व्यायामशाळेत काटा पौंडाचा होता आणि स्पर्धांचे वजनगट नुकतेच किलोचे झाले होते. हिशोब एकच माणूस करायचा, तोही डोळे मिटून. "पौंडाचं अर्धं करा, त्यातून दहावा भाग काढा, झाले किलो. सरी? बरोबर ना?" कुणी कागद घेतला की म्हणायचा, "अण्णा, डोकं भाड्यानं दिलंय का?"

ही रीत साखरेला ठीक होती. माणसाचं वजन मात्र ती थोडं कमीच सांगायची.

स्पर्धेच्या सकाळी आमचा सर्वांत तयारीचा गडी एकशे तेहतीस पौंड भरला. "साठ किलोच्या आत," यानं ठोकून दिलं. खरं सांगितलं असतं, तर तासभर धावून गड्यानं ते पाव-अर्धा किलो उतरवलं असतं. तिथल्या काट्यावर तो साठाच्या वर गेला आणि बाद झाला. म्हैसूर राज्याच्या संघातली त्याची जागा गेली.

हा शांतपणे म्हणाला, "स्वल्प इडल्या चापल्या असतील." सगळे हसले, मीही हसलो. गावभर तेच झालं, गडी खादाड ठरला.

हा माणूस आता हयात नाही, तरी माझा संताप गेलेला नाही. त्या गड्यानं आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी त्याच्याच खोलीत राहत होतो.