आत्यांच्या बधिर बोटांविषयी

माझ्या सासूबाईंचे हात मी बिघडवले.
मुद्दाम नाही. मायेपोटीच. पण बिघडवले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे लिहायचं टाळलं. आता टाळायचाही कंटाळा आलाय.

आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. परंड्यात बांगड्यांचं छोटं दुकान. लग्नसराईत पार भूमपासून बोलावणं यायचं, नवरीचा चुडा आत्यांनीच भरायचा म्हणून.
हात दाबत दाबत गप्पा मारायच्या. हाड कुठं अडतंय ते बोटांना कळायचं. नजर नवरीच्या तोंडाकडं, आणि घट्ट मापाची बांगडी अलगद आत.

शुगर जुनी. आधी पायाला मुंग्या, मग तळवे बधिर. चप्पल निसटून मागं राहायची आणि ह्या चार पावलं पुढं.
वय झालं, व्हायचंच, म्हणायच्या.

मला ते पटेना. मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. नसांसाठी कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या. पावडर मैत्रिणीनं सुचवली. मुंग्यांच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या. रोज मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवायचे.
डॉक्टरला विचारलं नाही. व्हिटॅमिनच तर आहे, म्हटलं.

वर्षभरात बधिरपणा हाताच्या बोटांत आला.

आणि एका लग्नघरी नवरीच्या हातात बांगडी फुटली.
आमच्या धंद्यात फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण त्या दिवशी रक्त आलं, आणि आत्यांना कळलंच नाही. त्या तशाच रेटत राहिल्या. नवरीनं हात ओढून घेतला तेव्हा थांबल्या.
राहिलेला चुडा दुसऱ्या बाईनं भरला.
दुसऱ्या दिवशी आत्यांनी दुकान उघडलं नाही.

बार्शीला डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, घरात जे जे खाता ते सगळं घेऊन या. दुसऱ्या खेपेला मी टेबलावर पिशवी रिकामी केली. त्यांनी तिन्ही डब्यांवर एकाच नावाखाली पेनानं रेघ मारली.
बी-सिक्स.
हे व्हिटॅमिन महिनोन्‌महिने जास्त गेलं की नसांनाच इजा करतं, म्हणाले. पाय शुगरनं बधिर झाले होते. हात मी दिलेल्या डब्यांनी.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. आत्या म्हणाल्या,
"तू दिलंस म्हणून म्या खाल्लं. दुसऱ्या कुणाचं घेतलं नसतं."

माफ केलं की बोल लावला, मला अजून कळलेलं नाही.

सगळं बंद केलं. चहातली साखर गेली. भात गेला, भाकरी मोजून. नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट घालून रोज सकाळी किल्ल्याच्या बाजूनं चालायच्या. आधी लई लाजल्या.
संध्याकाळी मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांत बघायचे. काटा, फोड, चीर.
अडीच वर्षं, रोज.
खरं सांगते, मी वैतागायचे. पाय जरा जोरात ओढायचे. त्यांना पाय कळत नव्हता, पण माझा वैताग कळायचा. "आज ऱ्हाऊ दे," म्हणायच्या.

आठ-नऊ महिन्यांनी एकदा भाकरी उलटताना त्यांनी हात झटकन मागं घेतला.
"पोळलं गं," म्हणाल्या.
आणि चुलीपुढं बसून हसत राहिल्या. मी रडले.

बोटं बरीचशी परत आली. पाय कधीच नाहीत.
दुकान उघडलं, पण नवरीचा चुडा पुन्हा भरला नाही. लोकांच्या लेकीवर हात बसवून बघायचं माझं वय न्हाय, म्हणाल्या.

गेल्या वर्षी दुकानातच बसल्या जागी हार्ट अटॅक आला.
अंघोळ घालताना सवयीनं मी त्यांचे पाय बघितले. कुठंही जखम नव्हती.

आता गल्लीतल्या बायका व्हॉट्सॲपवर औषधांच्या बाटल्यांचे फोटो पाठवतात. घेऊ का, विचारतात. मी म्हणते, बाटली घेऊन डॉक्टरकडं जा. काहींना राग येतो. येऊ दे.

आत्या, तुमची माफी मागायची राहून गेली. तुम्ही होता तोवर तोंड उघडलं नाही.
आज मागते.
सुनेचा नमस्कार घ्या.